अर्ध्यानं दिलेल्या शेळ्या

हसीनाबीबद्दल शरणबसप्पा गुरुजींना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. चौदा वर्षं रोजची गाठ पडूनही. ती सास्तूरच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि गुरुजी त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची असा नियम. त्यामुळे रोज दुपारी ती पळीभर खिचडी ताटलीत घेऊन गुरुजींच्या टेबलाशी यायची.

"गुरुजी, मीठ बघा."

गुरुजी घास घ्यायचे. "बरोबर आहे."

बोलणं एवढंच. रमजानच्या महिन्यात तिला स्वतः चाखून बघता यायचं नाही, तेव्हा एकदा मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. त्या दिवशीही गुरुजी "बरोबर आहे" म्हणाले. नाही म्हणायची भीड वाटली. मुलांनी ताटं तशीच ठेवली. शाळा सुटल्यावर हसीनाबी पातेलं घासता घासता म्हणाली, "गुरुजी, तुमच्या जिभेपरीस पोरांची जीभ खरी हाय." गुरुजी ओशाळून हसले आणि ऑफिसात निघून गेले.

तिच्या नवऱ्याचं नाव काय, त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं कोण कोण गेलं, एकुलती मुलगी मिनाज हुमनाबादला दिली ती कुणाच्या ओळखीनं, यातलं काहीही गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या त्या गावात तसंही हे कुणी कुणाला विचारत नसे. पण गुरुजींचं कारण ते नव्हतं. त्यांना बायकांशी बोलायचा संकोच होता. बायकांशी कशाला, सगळ्यांशीच. आणि जिला आपण इतकं कमी ओळखतो तिचं म्हातारपण मार्गी लावायला आपण निघालो, ही गोष्ट पुढं त्यांना फार दिवस टोचत राहिली.

त्याचं झालं असं. गुरुजी निवृत्त झाले. घर त्यांनी सास्तुरातच बांधलं होतं, मुलगा विरेश पुण्याला नोकरीला. पेन्शन सुरू झाली आणि दोनच वर्षांत त्यांच्या पत्नीच्या, पार्वतम्माच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सोलापूरला करावं लागलं. फंडातली निम्मी रक्कम त्यात गेली. तेव्हापासून गुरुजींना एक वेडच लागलं. वर्तमानपत्रात म्हातारपणाच्या तजविजीबद्दल काही छापून आलं की कात्रीनं कापून ठेवायचं. व्याजाचे दर तोंडपाठ. पारावर कुणी साठीच्या पुढचा माणूस दिसला की मनातल्या मनात त्याचं गणित मांडायचं: पेन्शन नाही, जमीन दोन एकर, मुलगा एक आणि तोही सुनेच्या ऐकण्यातला, याचं कसं व्हायचं? उघड मात्र कुणाशी बोलायचे नाहीत. बोलले ते एकट्या हसीनाबीशी.

रमजान ईदला ती दरवर्षी शिरखुर्म्याचा डबा घेऊन घरी यायची. त्या वर्षी आली तेव्हा पार्वतम्माशेजारी बसून आपला गुडघा चोळत होती. तिचं शाळेतलं काम अजून चालूच होतं. महिन्याचं मानधन थोडंसं, तेही कधी तीन-तीन महिन्यांनी यायचं. गुरुजींनी बराच वेळ धीर गोळा केला आणि विचारलं, "हसीनाबी, तुमचं पुढं काय?"

"पुढं काय म्हंजी?"

"म्हणजे, हातपाय थकल्यावर."

"शेळ्या हायत की गुरुजी."

आणि मग गुरुजींना पहिल्यांदा कळलं की या बाईच्या नऊ शेळ्या आणि चार बोकड आहेत, आणि त्यातलं एकही जनावर तिच्या अंगणात नाही. सगळी तीन घरांत अर्ध्यानं दिलेली. अर्ध्यानं देणं ही तिकडची जुनी रीत. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा. दूध सांभाळणाऱ्याचं. करडं झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. त्या भागातली काळी, लांब कानाची शेळी पुष्कळदा जुळीच देते, त्यामुळे वाटणीत भांडण होत नाही: एक तुला, एक मला.

पण हसीनाबी आपलं करडू कधी घेऊन जायचीच नाही. ते त्याच घरी वाढायचं, व्यायचं, त्याचीही करडं तिथंच राहायची. वर्षातून एखादा बोकड विकून मिनाजच्या पोरांना कपडे घ्यायची, तेवढंच.

"मग मोजतं कोण?" गुरुजींनी विचारलं.

"मोजायचं कशाला? दिसत्यात की."

गुरुजींनी लगेच मनात गणित मांडलं. भोळी बाई, तिच्या जिवावर तीन घरं दूध पितात, आणि उद्या ही पडली तर हिच्या हातात काय? त्यांनी तिला समजावून सांगितलं. शेळीला कसला तरी रोग येतो, आठ दिवसांत कळप साफ होतो. तेच पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ठेवले तर मुद्दल सुरक्षित, आणि दर तीन महिन्यांनी व्याज खात्यावर. बकरी ईद जवळ आलीय, आत्ता भाव चांगला मिळेल. गुरुजी एका दमात इतकं क्वचितच बोलले असतील. पार्वतम्मासुद्धा बघत राहिली.

हसीनाबीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं आणि हसली. "तुमी म्हणताव म्हंजी इचार करूनच म्हणत असाल," ती म्हणाली. "करा कसं ते."

वाटणीसाठी गुरुजी स्वतः तिन्ही घरी गेले. पहिलं बानूबाईचं, म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धनगर म्हातारीचं. दुसरं दगडाबाईचं. तिसरं आरिफ रिक्षावाल्याचं, तिथं त्याची बायको सिमरन शेळ्या बघायची. कुणावर अन्याय नको म्हणून गुरुजींनी प्रत्येक जनावराच्या शिंगावर खडूनं खूण केली. दगडाबाई तोंडाची फटकळ. "गुरुजी, शेळ्यांची हजेरी घ्यायलाव का?" म्हणून ती पोट धरून हसली.

बानूबाई हसली नाही. तिनं हसीनाबीच्या वाट्याच्या शेळ्या एकेक करून सोडल्या. त्यांच्या गळ्यातली दावी काढून खुंटीला अडकवली. मग विचारलं, "समद्याच न्यायच्यात?"

"सगळ्याच," गुरुजी म्हणाले. काम नीट पार पडलं म्हणून त्यांना बरं वाटत होतं. त्या भरात ते हातावरचा खडू झटकत म्हणाले, "झालं बघा. आता कुणाचं कुणाकडं काही राहिलं नाही."

हसीनाबी बाजूला उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेळ्यांच्या मागं चालू लागली.

भाव खरोखरच चांगला आला. एक लाख चाळीस हजार झाले. तालुक्याला, लोहाऱ्याच्या पोस्टात फॉर्म भरताना नवऱ्याच्या नावाची जागा आली तेव्हा गुरुजींना ते नाव पहिल्यांदा कळलं: इस्माईल. ते त्यांनी अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं. पहिलं व्याज आलं, अठ्ठावीसशे सत्तर रुपये, तेव्हा गुरुजींनीच ते काढून तिच्या हातात दिलं. आयुष्यात आपल्या हातून एक तरी काम चोख झालं असं त्यांना वाटलं.

जानेवारीत शाळेच्या नळाजवळ हसीनाबीचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, त्याला पैसा लागला नाही. पण हाड ठिसूळ होतं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकली तरी पुष्कळ. उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला माणूस लागेल. कायमचा.

मिनाज धावत आली, पंधरा दिवस राहिली. तिचं घर दोन खोल्यांचं, सासूला दमा, नवऱ्याचा पंक्चरचा ठेला. पंधराव्या दिवशी ती आईच्या उशाशी बसून म्हणाली, "अम्मी, चल मेरे साथ."

"नक्को."

"यहाँ कौन करेगा तेरा?"

हसीनाबीनं भिंतीकडं तोंड केलं. गुरुजी तिथं खुर्चीवर अवघडून बसले होते. मिनाज पाणी आणायला गेल्यावर हसीनाबी त्यांना म्हणाली, "गुरुजी, तिला समजावा. मला तिकडं धाडू नगा. माझं काय, मी कुठं बी पडून राहीन. पर पोरीचं हाल हुतील. म्या सासूचं केलंय, नऊ वर्सं. किती काम आसतंय मला ठावं हाय. आन् मला माझ्या घरात राहायचंय."

"कुठंही जायचं नाही," गुरुजी म्हणाले. "आपले पैसे आहेत की."

मिनाज रडत रडत गेली. गुरुजींनी चौकशी करून लोहाऱ्याची एक बाई लावली. रोज तीनशे रुपये आणि दोन वेळचं जेवण. त्या दुपारी ते कागद घेऊन बसले आणि कागदावरचा आकडा बघून तसेच बसून राहिले. तीन महिन्यांचं व्याज या बाईला दहा दिवससुद्धा पुरत नव्हतं. मुद्दल मोडलं तर सव्वा वर्ष. आणि हसीनाबीनं सासूचं नऊ वर्षं केलं होतं.

त्यातही ती बाई आठव्या दिवशी सोडून गेली. रोज येणं-जाणं परवडत नाही म्हणाली. पार्वतम्मा भाजी-भाकरी करून द्यायची, गुरुजी नेऊन पोचवायचे. पण उठवणार कोण, न्हाऊ घालणार कोण? शाळेतली दुसरी स्वयंपाकीण कधी यायची, कधी नाही. चार दिवस हसीनाबीला त्याच लुगड्यात राहावं लागलं. गुरुजी गेले की ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. त्यांना ते दिसायचं आणि ते खाली बघायचे.

बानूबाई येऊन गेली होती. पाहुणीसारखी बसली, "काळजी घे" म्हणाली, उठून गेली. दगडाबाईही तशीच. गुरुजींना कधी नव्हे तो राग आला. राग असा की त्यांचे पाय आपोआप बानूबाईच्या अंगणात गेले.

बानूबाई चुलीपुढं काटक्या मोडत होती.

"बानूबाई, एक विचारू का?"

"इचारा की."

"इतकी वर्षं त्यांच्या शेळ्यांचं दूध तुमच्या घरात आलं. त्या आता पडल्यात. निदान एक वेळ तरी…"

बानूबाईनं हातातली काटकी खाली ठेवली. "रागावू नगा गुरुजी. पर तुमीच म्हणलाव न्हाय का, आता कुणाचं कुणाकडं काय राह्यलं न्हाय म्हणून? हितंच उभं राहून म्हणलाव. ह्याच अंगणात."

गुरुजी परत जायला वळले.

"बसा," ती म्हणाली, आणि पाट पुढं सरकवला. "तुमाला ठावं न्हाय, म्हणून सांगते. भूकंपात हिचा नवरा गेला. सासूचा मणका मोडला. मिनाज अंगावर पीत व्हती. तवा कुण्या संस्थेनं नवरा गेलेल्या बायांना एकेक शेळी वाटली. आता हिला रानात जायला कुठं येतंय? म्हातारी हातरुणावर. मग हिनं ती शेळी माझ्या सासूला अर्ध्यानं दिली. दोन करडं झाली. माझी सासू म्हणली, तुझं ने. ही म्हणली, राहू द्या तुमच्याकडंच. मग माझी सासू रोज सकाळी हिच्या घरी जायला लागली. दोघी मिळून म्हातारीला कुशीवर करायच्या, अंग पुसायच्या, हातरूण बदलायच्या. नऊ वर्सं गुरुजी. म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली न्हाय. कुणी कुणाला पगार दिला न्हाय, कुणी कुणाचं उपकार बी मानलं न्हायत."

"आणि मग?"

"मग माझी सासू गेली. शेळ्या माझ्याकडं आल्या. तवा हसीनाबी म्हणली, बानू, माझं तुझ्याकडं लागलंय. म्या म्हणलं, लागलंय तर लागू दे, मी कुठं पळून चाललेय? दगडाबाईचं, आरिफच्या आईचं, समद्यांचं असंच. उद्या ही पडली तर कुणी सकाळचं बघायचं, कुणी संध्याकाळचं, हे बी ठरल्यालं. हसतच ठरिवलं व्हतं. दगडी म्हणली व्हती, मी न्हाऊ घालीन पर पाणी गारच घालीन."

"मग वाटणीच्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही?"

"कुणाला? तुमाला?" बानूबाई त्यांच्याकडं बघून म्हणाली. "तुमी खडू घेऊन आल्ताव."

गुरुजींची मान खाली गेली. बानूबाईचाही आवाज मग मऊ झाला. "आन् खरं सांगू का, राग आला मला. तुमचा न्हाय, हसीनाबीचा. वाटलं, हिचा आपल्यावरचा इस्वास उडला. तिला पैशाचा आधार बरा वाटला. मग आता जायचं तर कोण म्हणून जायचं? एक दिस जाईन, दोन दिस जाईन. रोज गेलं तर दया केल्यावाणी दिसतंय. तिला बी सोसायचं न्हाय ते, आन् मला बी."

गुरुजी घरी आले ते जेवले नाहीत. पार्वतम्मानं कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अय्यो शिवा. ती त्या दिवशी बोलायला तोंड उघडत होती, मी बघितलं होतं. तुम्ही व्याजाचा दर सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी गुरुजी हसीनाबीकडं गेले. वाटेत त्यांनी चार वाक्यं पाठ केली होती. तिथं गेल्यावर एकच आठवलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मला बानूबाईनं सगळं सांगितलं. तुम्ही मला अडवलं का नाही हसीनाबी?"

तिनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आडवणार व्हते. तोंडावर आल्तं. पर चौदा वर्सांत तुमी पयल्यांदा माझं काही इचारलाव. मीठ सोडून. मग न्हाय कसं म्हणावं? भीड पडली."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो बराच वेळ हातातच राहिला.

"रडताव काय गुरुजी," ती म्हणाली. "तुमी माझं म्हातारपण तुमच्यावाणी समजलाव, एवढंच झालं. तुमच्या पेन्शनला चारा लागत न्हाय. माझीला लागतोय."

पोस्टातले पैसे काढायचे ठरले. आरिफनं रिक्षात मागच्या सीटवर गादी टाकून तिला लोहाऱ्याला नेलं. पोस्टातला कारकून भला. तोच बाहेर आला आणि रिक्षातच तिचा अंगठा घेतला. वर्ष भरलं नव्हतं, त्यामुळे दिलेलं व्याज मुद्दलातून कापून गेलं. गुरुजींना ते लागलं, हसीनाबीला काहीच वाटलं नाही. एका गोष्टीवर मात्र गुरुजी अडून बसले. "निम्मे पैसे साध्या खात्यात राहू द्यायचे. दवाखान्याचं बिल शेळीनं भरता येत नाही." हसीनाबीनं त्यांच्याकडं बघितलं, थोडा विचार केला. "ठेवा," ती म्हणाली. "तेवढं तुमचं खरं हाय."

मग गुरुजी, ज्यांनी जन्मात शेळीच्या कानाला हात लावला नव्हता, बानूबाईबरोबर बाजारात गेले. बानूबाई प्रत्येक शेळीचा जबडा उघडून दात बघत होती, कासेखाली हात घालत होती. आपणही काही विचारावं म्हणून गुरुजींनी विकणाऱ्याला विचारलं, "हिची जन्मतारीख काय?" तो माणूस बघतच राहिला. बानूबाई म्हणाली, "का गुरुजी, शाळेत नाव घालायचंय का तिचं?" शेजारचे चार जण हसले. गुरुजीही हसले. त्या दिवशी त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. आठ तरण्या शेळ्या त्यांनी टेम्पोत घालून आणल्या.

खरं अवघड काम पुढंच होतं. बानूबाईच्या अंगणात दगडाबाई आणि सिमरनही आल्या होत्या. गुरुजी मध्ये उभे राहिले, शाळेत पंधरा ऑगस्टला उभे राहायचे तसे. "मागं मी इथं एक बोललो होतो," ते म्हणाले. "कुणाचं कुणाकडं काही राहिलं नाही म्हणून. ते बोलायचा मला अधिकार नव्हता. ते मी परत घेतो."

"बोललेलं परत घेता येतंय व्हय?" दगडाबाई म्हणाली. "करडू हाय का ते?"

"दगडे, गप," बानूबाई म्हणाली. ती खुंटीकडं गेली, तिथं अडकवलेली दावी काढली आणि शेळ्यांच्या गळ्यात एकेक बांधू लागली. "हसीनाबीला सांगा गुरुजी," ती पाठमोरीच म्हणाली, "उद्या सकाळी येते म्हणावं. पाणी तापवून ठेवायला कुणी नसंल तर माझं मी तापवीन."

तीन घरी सात शेळ्या गेल्या. आठवी राहिली, कारण पार्वतम्मानं सांगून ठेवलं होतं, "एक आपल्याकडं आणा."

"आपल्याकडं?" गुरुजी दचकलेच. "शेळी? लिंगायताच्या दारात?"

"पाळायचीय, खायची नाही. अन् मी डबा केला तरी नेऊन देणार तुम्ही. रोज कोण म्हणून जाल? चार दिवस जाल, मग लाजून बंद कराल. मला माहीत नाही का तुम्हाला?"

गावानं काही दिवस चेष्टा केली. सकाळी गुरुजी शेवग्याच्या फांद्या ओढत चालले की लोक विचारायचे, "काय गुरुजी, विद्यार्थी जेवला का?" पण शेळी अंगणात बांधली गेली आणि गुरुजींना हसीनाबीकडचे दुपारचे तीन ते चार मिळाले. सकाळी बानूबाई उठवायची, न्हाऊ घालायची. संध्याकाळी दगडाबाई यायची, शिव्या देत देत पाय चेपायची. सिमरन एक दिवसाआड केस विंचरून वेणी घालायची. मिनाज महिन्यातून दोन दिवस यायची, आणि आईचं धुतलेलं अंथरूण बघून जाताना आता रडायची नाही. गुरुजींच्या वाट्याला दुपारची भाकरी आणि पेपर.

पेपर वाचायला बसले तरी वाचून फारसं व्हायचं नाही. हसीनाबी मध्येच काहीतरी सांगायची. इस्माईल गवंडी होता, त्याच्या हाताला सफाई होती, हे गुरुजींना असंच एका दुपारी कळलं. तिची आई हल्लीखेडची, म्हणून तिला कानडी येत होती. एकदा ती कानडीतच काही बोलली आणि गुरुजींनी नकळत कानडीत उत्तर दिलं. दोघंही थांबले. इतकी वर्षं दोघांना एकमेकांची ही भाषा येत होती आणि दोघांनी फक्त मिठाबद्दल मराठीत बोलून दिवस काढले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर गुरुजींची शेळी व्याली. दोन करडं, दोन्ही पाटी. गुरुजी पळतच सांगायला गेले. भाकरी विसरूनच गेले.

"दोन्ही माद्या आहेत," ते म्हणाले. "एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. तुमची कुठली, ते तुम्ही सांगा. मोठी झाली की बानूबाईकडं नेऊन बांधतो."

हसीनाबी उशीला टेकून बसली होती. तिनं गुरुजींकडं बघितलं, आणि गुरुजींना कळलं की ती काय म्हणणार आहे. कळलं तरी ते उभेच राहिले.

"राहू द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली.

गुरुजींनी मान हलवली. ते भाकरी आणायला परत घरी गेले.

खात्यातले पैसे दोनदा दवाखान्याला लागले. हिवाळ्यात छातीत कफ झाला तेव्हा, आणि नंतर एकदा. हसीनाबी आपल्याच घरात होती, आपल्याच खाटेवर. फेब्रुवारीच्या अखेरीला एका पहाटे ती गेली.

आदल्या दिवशी दुपारी गुरुजी नेहमीसारखे गेले होते. तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. पेपर पहिल्या पानाच्या पुढं गेला नाही, कारण तिला मधूनच डुलकी लागत होती. चार वाजले तसे गुरुजींनी डबा धुतला, पिशवीत घातला.

"गुरुजी," ती डोळे न उघडताच म्हणाली, "पार्वतम्माला म्हणावं, उद्या भाकरी जरा पातळ करा. दात ऐकंनात."

"सांगतो."

त्यांनी पायांत चपला घातल्या. बाहेर ऊन अजून कडक होतं.

"दार ओढून घेऊ का?"

"नगा. उघडंच असू द्या. दगडाबाई यायलीच आता."

"बरं. येतो मग."

"या."